आडनावाचे एक अक्षर

दिवाळीला माणसे भेटतात. चिवड्याची बशी हातात आली, थंडी यंदा उशिरा पडली वगैरे बोलून झाले, की आपला मराठी गृहस्थ समोरच्या नवख्या पाहुण्याला हळूच विचारतो, "आपलं आडनाव?" उत्तर मिळाले की त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हिशेबाची छाया येते आणि जाते. हिशेब जमला नाही, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कोणतं म्हणालात?" जात विचारण्याइतके असभ्य आपण राहिलेलो नाही. आपण आडनावावर काम भागवतो.

हे सगळे तुम्हांला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. वर्गात रोज सकाळी साठ नावांची हजेरी घेणाऱ्या मास्तरला आडनावांचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही मॅट्रिकवाले विद्वान नसू, पण हजेरीपट आम्हांला पाठ असतो. माझे भांडण आहे ते आपल्या एका लाडक्या समजुतीशी. एरवी कितीही भेद असोत, खेळाच्या मैदानावर जात नसते, चेंडूला आडनाव कळत नाही, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. चेंडूला कळत नसेल. धावफलक लिहिणाऱ्याला मात्र चांगले कळत होते, आणि त्याने लिहिले तेच आपण आजतागायत वाचत आलो आहोत.

पुरावा मागाल तर १९११ साली विलायतेला गेलेल्या हिंदुस्थानच्या क्रिकेट संघाची यादी काढा. पतियाळाचे महाराज कर्णधार. यादीत कांगा आहेत, वॉर्डन आहेत, बलसारा आहेत, मिस्त्री आहेत, मेहरहोमजी आहेत. मराठी बोलणाऱ्यांच्या ओळखीचे पै आहेत, एम. डी. पै. आणि त्याच यादीत दोन सख्खे भाऊ आहेत : पी. बाळू आणि पी. शिवराम.

हे 'पी' म्हणजे काय? हे 'पी' म्हणजे पालवणकर. कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले सरळ, साधे मराठी आडनाव. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघेही हिंदूंच्या संघाकडून खेळले, आणि चौघांच्याही आडनावाची छापील कागदावर अशीच एका अक्षराची खिट्टी झाली. पैंचे नाव आखडले आणि आडनाव उरले. देवधरांचेही तेच झाले, 'डी. बी.' आखडले आणि 'देवधर' ठळक राहिले. पालवणकरांचे आडनाव आखडले आणि उरले बाळू. म्हणजे वाड्यात पाणी भरायला येणाऱ्या पोराला जशी हाक मारावी, तसे.

आता सुज्ञ वाचक म्हणतील, मास्तर, उगाच राईचा पर्वत करता आहात. ती त्या काळची लिहिण्याची पद्धत होती. काठेवाडचे थोर गोलंदाज अमरसिंग हेही 'एल. अमरसिंग' असेच छापले जात. त्यांचे भाऊ रामजी, तेही 'एल. रामजी'. मग त्यात जात कुठे आली?

आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकीत नाही. उलट त्याला मी आमच्या सोलापूरची पुस्ती जोडतो. आमच्या गावाच्या पूर्वभागात पद्मशाली समाजाची तेलुगू घरे आहेत. मागावर चादर विणणारी, घरात तेलुगू आणि चौकात मराठी बोलणारी. त्यांच्यात घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे मागून, अशी मूळ रीत. घराण्याचे पहिले अक्षर लिहून पुढे मुलाचे नाव लिहिले, तर त्यात त्यांना काही उणे वाटत नाही, कारण त्यांच्या भाषेची ती चालच आहे. तेव्हा एक अक्षर आधी लिहिणे हा काही स्वतः अपमान नव्हे. पण ज्या भाषेत ती चाल नाही, तिथे एकाच संघातल्या, एकाच मराठी मुलखातल्या माणसांपैकी काहींना आडनाव आणि काहींना नुसते नाव, अशी वाटणी का झाली, याचे उत्तर पद्धतीने मिळत नाही. पद्धत म्हणायची तर ती सगळ्या पंगतीला सारखी हवी.

कोणी असेही म्हणेल की बाळूंनी स्वतःच ते नाव पत्करले होते. १९३२ च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या छापील यादीतसुद्धा 'पी. बाळू' असेच आहे. आहे खरे. त्याच यादीत सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे जी. के. देवधर आहेत, आडनावासकट. जग एखाद्याला चाळीस वर्षे ज्या नावाने हाक मारील, त्या नावाला तो ओ देऊ लागतो. त्यावरून ते नाव त्याने निवडले असे म्हणणे म्हणजे मागच्या दाराने येणाऱ्याला पुढचे दार आवडत नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

वाचकहो, आपल्या मुलांना एक गंमत करायला सांगा. मराठी क्रिकेटपटूंची नावे भराभर घ्यायला सांगा. पोरे सुरू होतील : मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, आगरकर. ऐकता ऐकता तुमच्या ध्यानात येईल की मराठी क्रिकेट म्हणजे 'कर'कुळाचीच वंशावळ आहे. आणि या 'कर' प्रत्ययाइतका उदार प्रत्यय आपल्या भाषेत दुसरा नाही. जोशी म्हटले की पंचांग दिसते, कुलकर्णी म्हटले की दप्तर दिसते, पाटील म्हटले की चावडी दिसते. 'कर' मात्र फक्त गाव सांगतो. पंढरपूरकर बडवा असेल, नाही तर चंद्रभागेत होडी चालवणारा कोळी असेल. आडनाव दोघांनाही सारखेच सामावून घेते. तसेच पालवणकर. हे आडनाव पूर्ण छापले असते, तर ते पै आणि देवधर यांच्या शेजारी ताठ मानेने बसले असते. परगावच्या वाचकाला नुसत्या आडनावावरून काही हिशेबही करता आला नसता. त्या एका अक्षराने नेमकी हीच सोय काढून घेतली. 'कर'कुळाचा हा मूळपुरुष वंशावळीतूनच गळला. पोरे मांजरेकरांपासून सुरू करतात, कारण त्यांच्या आधी कोणी 'कर' होता हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आता मूळपुरुष म्हणण्यासारखे त्यांनी केले काय, तेही सांगतो. कारण नुसत्या नावावर भांडणारा मास्तर असे कोणी म्हणू नये.

बाळूंचा जन्म धारवाडचा, वडील लष्करात नोकरीला, जात चांभाराची. पुण्यात पोरवयातच त्यांना पारशांच्या क्रिकेट मैदानावर काम मिळाले : खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तिथे महिना चार रुपये. साहेब लोक सरावाला आले की बाळूंनी त्यांना चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन् तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. बाळूंनी तिथे हजारो चेंडू टाकले. बॅट मात्र हाती दिली गेली नाही. नीट विचार केला तर त्या जाळ्यात चातुर्वर्ण्यच उभे आहे. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते चाकराचे. बॅट धरणे हे साहेबाचे.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. हरवायचे तर ग्रेगला रोज गोंधळात पाडणारा हा गोलंदाज हवा. तेलंगी मंडळी म्हणाली घ्या, काही भटमंडळी म्हणाली नको, शेवटी घेतले. मैदानावर बाळू टाकतात तो चेंडू सगळे हाताळतात, त्याने कोणी बाटत नाही. चहाची वेळ झाली की मात्र इतरांना तंबूत चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडूवरून न लागणारा विटाळ कपावरून लागत होता. हे कोणत्या शास्त्रात बसते ते मला कोणी अजून सांगितलेले नाही.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही काही सभासदांनी नाके मुरडली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले, त्या विजयी संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. मग १९११ चा तो विलायतेचा दौरा. आपला संघ तिथे सपाटून हरत होता. चौदा प्रथम श्रेणीच्या सामन्यांत दोनच जिंकले, एक लेस्टरशायरशी आणि दुसरा सॉमरसेटशी. लेस्टरला बाळूंनी अकरा गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम शतक झळकावून नाबाद राहिले आणि सामना एका गड्याने जिंकला. म्हणजे दौऱ्यातल्या दोन्ही मोठ्या विजयांवर पालवणकरांची मुद्रा आहे. साऱ्या दौऱ्यात मिळून बाळूंचे बळी ११४. त्या वेळी ते पस्तिशीच्या घरात होते. त्यांच्या साऱ्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा हिशेब ३३ सामने, १७९ बळी आणि सरासरी पंधराच्या किंचित वर असा आहे. ज्यांना आकड्यांतले कळते त्यांनी तो पुन्हा एकदा वाचावा.

इतका मोठा खेळाडू, सगळ्यांत अनुभवी. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ साली ते पैंना मिळाले, तेव्हा पैंनीच मोठ्या मनाने सांगितले की हा मान खरे म्हणजे बाळूंचा होता. पै भले गृहस्थ. पण निवड करणारे लोक पै नव्हते. १९२० साली तर कहर झाला. पै आजारी पडले, बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद वयाने आणि अनुभवाने लहान असलेल्या देवधरांकडे दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि आपली कारणे जाहीरपणे मांडली. लोकमत बिघडते आहे असे दिसल्यावर अंतिम सामन्यासाठी भावांना सन्मानाने परत आणले, बाळूंना उपकर्णधार केले. पै मध्येच मैदानातून बाहेर गेले, तेव्हा काही वेळ का होईना, बाळूंनी हिंदूंचे नेतृत्व केले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले, त्यांच्या हाताखाली हिंदूंनी गोऱ्यांना अंतिम सामन्यात हरवले आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले.

आता ही गोष्ट आपण कशी सांगतो ते पाहा. सांगतोच कमी, पण सांगतो तेव्हा थेट त्या खांद्यावरून सुरुवात करतो. "पाहा, क्रिकेटने अस्पृश्यता पुसली!" असे म्हणून डोळे पाणावतात, टाळ्या पडतात, आणि मातीच्या भांड्यापासून कर्णधारपदापर्यंत एका घराण्याची पाव शतकाहून अधिक वर्षे गेली हे कोणाच्या लक्षात राहत नाही. क्रिकेटने काही पुसले नाही. पालवणकरांनी पुसायला लावले. एकाने गडी बाद करून, दोघांनी खेळायला नकार देऊन. त्यांनी हट्ट धरला नसता, तर जिमखान्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला जाग येण्याची वाट पाहत गणपत आणि विठ्ठलही म्हातारे झाले असते.

कोणी म्हणतात, पालवणकर कसोटी सामने खेळले नाहीत, म्हणून मागे पडले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तोवर बाळूंचे खेळणे केव्हाच संपले होते. बरे, कसोटीचाच निकष लावू. देवधर एकही कसोटी खेळले नाहीत. रणजितसिंह खेळले ते इंग्लंडकडून. तरी एकाच्या नावाने १९७३ साली देवधर करंडक सुरू झाला, दुसऱ्याच्या नावाने रणजी करंडक आहे. दुलीप, विजय हजारे, मुश्ताक अली, नायडू, मर्चंट, मंकड, सगळ्यांच्या नावाने देशात स्पर्धा भरतात. देवधर मास्तर संस्कृतचे प्राध्यापक, शंभरी पार केलेले, माझ्या धंद्यातले थोर पुरुष. त्यांचा करंडक कोणी काढून घ्या असे मी म्हणत नाही. कसोटी न खेळल्याची सबब एकाला लागू नाही आणि दुसऱ्याला लागू आहे, एवढेच मी दाखवतो आहे.

दुसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते सहसा कोणी उच्चारीत नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना उभे केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले आणि ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जागेवर सभागृहात कोण बसायला हवे होते याबद्दल आज कोणाचे दुमत असेल असे वाटत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की सवर्णांना बाळू आठवले की मातीचे भांडे आठवते, म्हणून ते गप्प. आणि बाबासाहेबांना मानणाऱ्या पुष्कळांना बाळू आठवले की १९३७ आठवते, म्हणून तेही फारसे बोलत नाहीत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. ज्यांनी त्यांना उभे केले, त्यांनी तरी पुढे त्यांची किती आठवण ठेवली? गोऱ्यांविरुद्ध एक गोलंदाज हवा होता तेव्हा जिमखान्याने जे केले, तेच पक्षाने केले. बाळू १९५५ साली वारले.

विठ्ठलांनी आपले आत्मचरित्र लिहिले होते, तेही मराठीत. 'माझे क्रीडा-जीवन', १९४८. म्हणजे पुरावा आपल्या भाषेत होता, आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत होता. तरी आपल्यापैकी बहुतेकांना ही कथा कळली ती २००२ साली रामचंद्र गुहा यांनी इंग्रजीत लिहिलेल्या क्रिकेटच्या इतिहासामुळे. एका मराठी माणसाने मराठीत सांगितलेली हकीकत मराठी वाचकाला इंग्रजीतून परत आयात करावी लागली. यावर मराठीच्या प्राध्यापकांनी परिसंवाद घ्यायला हरकत नाही. मानधन नसले तरी मी येईन.

आम्हा सोलापूरकरांनाही यात सुटका नाही. पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले याचा आम्हांला फार अभिमान. कसोटीत भारताकडून पहिले द्विशतक त्यांचे, १९५५ सालचे, हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध. पार्क मैदानाच्या कडेला उभा राहून कोणीही म्हातारा तुम्हांला "उम्रीगर आमचा" असे सांगेल. तेही प्रथम श्रेणीत उतरले ते १९४४ साली, पारशांच्या संघातून. म्हणजे तेव्हाही वाट जमातीच्या दारातूनच जात होती. ते जमातवार सामने १९४६ साली बंद झाले. मुंबईच्या समुद्रकाठी हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि पारशी जिमखाना मात्र आपापल्या पाट्यांसह शेजारी शेजारी उभे आहेत. उम्रीगरांचे आडनाव आम्ही पूर्ण उच्चारतो, पुढे नाव लावून उच्चारतो, आणि कोणी 'यू. पॉली' म्हटले तर त्याला वेड्यात काढू.

गेल्या वर्षी एका शाळेत मुलांच्या सामन्यांसाठी चार संघ केले आणि त्यांना चार खेळाडूंची नावे द्यायचे ठरले. तिघांवर लगेच एकमत झाले. चौथ्यासाठी मी पालवणकर सुचवले. "हे कोण?" असे विचारले गेले. मी सांगितले. "अच्छा, पी. बाळू! मग तसंच लिहू, लोकांना तेच माहीत आहे," असे उत्तर आले. मी म्हटले, लोकांना काय माहीत आहे ते लिहायचे, तर शाळा कशाला काढली? बराच वाद झाला. शेवटी पाटी रंगवणाऱ्याने निकाल दिला : तो अक्षरावर पैसे घेतो आणि बाकीच्या तिन्ही पाट्या आडनावाच्याच आहेत, तेव्हा चौथी वेगळी केली तर ओळीत बरी दिसणार नाही. त्याने 'पालवणकर' असे निळ्या रंगात ठसठशीत लिहिले. त्या संघात पूर्वभागातली तीन तेलुगू पोरे होती, दोन मुसलमान, एक लिंगायत आणि बाकी इकडचीतिकडची. पहिल्याच सामन्यात ते हरले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्यातला एकजण माझ्याकडे आला आणि विचारू लागला, "गुरुजी, पालवण कुठं आलं?" मी नकाशा काढून कोकण दाखवले. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तिथं मैदान असेल का हो?"